फलकासाठी पेरलेला कॅनोला

भूमी कोणाचीही मिंधी नसते. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या उत्तरेकडील भूमी तर मुळीच नाही. एका हिमापासून दुसऱ्या हिमापर्यंत ती मोजके शंभर-सव्वाशे दिवस देते, आणि सुज्ञ माणूस ते मस्तक लववून घेतो. ओस्टापचे मस्तक लवण्याच्या कामी कधीच आले नाही.

त्याच्या वृद्ध आत्याने, तेक्लाने, वसंतात त्याला एवढेच सांगितले होते : यंदाचे पीक पहिल्या प्रतीचे आण, शेत कायमचे तुला कसायला देते.

शेजारीण नास्त्याने नऊ मेला कॅनोला, हे मोहरीच्या कुळातले तेलाचे पीक, पेरला. ओस्टाप स्वस्थ बसला. त्याला एका बियाणे कंपनीचे नवे वाण हवे होते, कारण ते पेरणाऱ्याच्या नावाचा फलक कंपनी हमरस्त्यावर लावी. बियाणे आले ते सात जूनला.

सहकारी भांडारात सकाळची कॉफी घेत आम्ही बसलो होतो.

"आता तरी लवकर येणारं वाण पेर," तेक्ला म्हणाली. "हे एकशेदहा दिवस घेतं. दाणा हिरवा असतानाच गोठेल."

"आत्या, लवकरचं वाण म्हणजे म्हाताऱ्यांचं पीक. उतारा कमी, आणि फलकही नाही."

"मग फलकच पेर की," नास्त्या म्हणाली. "त्याला थंडी बाधत नाही."

टेबल हसले. ओस्टापने मात्र तिच्याकडे कृपाळू नजरेने पाहिले. अज्ञ जनांकडे विद्वान पाहतात तशी. आणि नवेच वाण पेरले.

पीक फुलले तेव्हा सुंदर दिसले, हे नाकारणे अधर्म होईल. अठ्ठावीस ऑगस्टच्या पहाटे हिम पडले. नास्त्याचा दाणा तेव्हा कोठारात होता.

कापणीनंतर तेक्लाच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघे जमलो. तिने चिकटपट्टीवर शंभर दाणे ओळीने बसवले, वर कागद ठेवून लाटणे फिरवले. पक्व दाणा चिरडला की आत पिवळा असतो. पहिल्या प्रतीला शंभरात दोन हिरवे चालतात. येथे एकतीस हिरवे डाग उमटले.

"लाटणं नीट फिरलं नाही," ओस्टाप म्हणाला.

"ये, तूच फिरव."

त्याने दुसरे शंभर दाणे स्वतः वेचून घेतले, उजेडाकडे धरून, निवडून निवडून. चौतीस निघाले.

"पाऊसच कमी झाला यंदा," तो म्हणाला.

"नास्त्याच्या शेतावर वेगळं आभाळ होतं का रे?" तेक्लाने लाटणे पुसून ठेवले. "नास्त्या, पुढच्या मेपासून माझं शेत तू कस. आणि ह्याला पेरणीला बरोबर घे. तू सांगशील त्या दिवशी येईल."

नास्त्याने डोक्याचा रुमाल बांधला. "शेत घेते, मावशी. भाचा तुमच्याकडेच असू दे."

ओस्टापने चौतीस डागांचा तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कॉफी आणखी आहे का, असे विचारले.