उचललेला बेल

अंगदच्या ओसरीवर बसून संस्कृतीने स्वतः घडवलेलं ॲप त्याच्या फोनमध्ये चढवलं. पुण्याच्या कंपनीत तिचं काम एवढंच होतं: डिजिटल पैसे कुठल्याही नेटवर्कवर असोत, माणसाला एकच पाकीट दिसावं.

गेल्या वर्षी तिचा भाऊ अमरसिंह आणि अंगद भागीत फवारणीचा ड्रोन घेणार होते. अमर परदेशी लोकांचे व्हिडिओ जुळवून द्यायचा, मजुरी डिजिटल डॉलरमध्ये मिळायची. आपला वाटा त्याने अंगदच्या डिजिटल पाकिटाच्या पत्त्यावर पाठवला. अंगदच्या फोनवर शून्यच. ‘पाठवले’ आणि ‘आले न्हाईत’ यावरून जिवाभावाची जोडी फुटली. शेवटी धर्मापुरीच्या देवळात, चार माणसांदेखत अंगदने शपथेसाठी पिंडीवरचा बेल उचलला. “एक पैसा आला असंल, तर त्याचं पाप माझ्या घरादारावर येवो.”

महिन्याभरात त्याच्या बायकोला, सत्यभामेला, मेलेली मुलगी झाली. गाव म्हणालं, बेल भोवला.

संस्कृतीला दुसराच संशय होता. अमरने स्वस्त पडणारं वेगळं नेटवर्क निवडलं असावं. घर तेच, पण दारं दोन. आणि अंगद एकाच दारात वाट बघत बसलेला.

“पाकिटाचे गुप्त शब्द तूच टाक, दादा. मला दाखवू नकोस.”

“आता काय ऱ्हायलंय चोरायला,” अंगद हसला.

पडद्यावर आकडा उमटला. अमरचा सगळा वाटा.

“बघ! कुणी हात लावलेला नाही. थांब, अमरदादाला कान धरून आणते इथं.”

अंगदचं हसू गेलं होतं. “कवा आले हे?”

“पाठवले त्याच दिवशी. तुझ्या जुन्या ॲपला दिसत नव्हते, इतकंच.”

“मंजी मी बेल उचलला, तवा आलते.”

“तुला कुठं ठाऊक होतं? तू खोटं बोलला नाहीस.”

अंगदने देवळाच्या दिशेने पाहिलं. “मला न्हवतं ठाऊक. त्याला तर व्हतं.”

मुलगी कशाने गेली, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. संस्कृती तेच बोलणार, इतक्यात सत्यभामा चहा घेऊन दारात आली.

“आले का वो पैसे?”

अंगदने फोन पालथा घातला. “न्हाई. आलेच न्हाईत.”

“मला ठाऊकच हाय. माझा माणूस खोटा बेल उचलायचा न्हाई. बोलू दे गावाला काय बोलायचं ते.” कप ठेवून ती आत गेली.

“आणि अमरदादा?” संस्कृतीने हळूच विचारलं.

“चोर म्हनतोय मला. म्हनू दे.” त्याने फोन तिच्याकडे सरकवला. “हे पुन्यांदा दिसू ने, असं करता येतंय का?”

तिने ॲप काढून टाकलं. जुन्या ॲपवर शून्य तसंच होतं. अंगदने ते नीट पाहिलं आणि फोन कोनाड्यात ठेवला, सत्यभामेच्या हाताला लागेल असा.