वल्ह्याची हाक

मित्रांनो, मी एक म्हातारी मगर आहे. सिमेंटच्या टाकीत राहते. टाकीत पाणी गुडघाभर, तेही हिरवे पडलेले.

माझा जन्म मात्र घनदाट जंगलातल्या नदीकाठी झाला. तिथे भरदुपारीही पाण्यावर उन्हाचे नुसते कवडसे पडत. अंड्यातून बाहेर येताच आईने मला जबड्यात उचलून पाण्यात सोडले. ज्या दातांनी ती हरणाचे हाड मोडी, त्यांचा मला ओरखडाही आला नाही. पाण्यात उतरलेल्या मुळांखाली दबा धरायला मी तिथेच शिकले. कधी मासा मिळे, कधी आठवडाभर उपास घडे. पण कोणापुढे तोंड वेंगाडावे लागले नाही.

पुढे एक नावाडी नदीच्या आमच्या वळणावर पाहुण्यांना मगर दाखवायला आणू लागला. मी दिसले नाही की पाहुणे कुरकुरत. मग त्याने युक्ती काढली. वल्हे पाण्यावर सपासप आपटायचे आणि मासा फेकायचा. हळूहळू तो आवाज आला की मी धावू लागले.

"बघा, आली आमची राणी!" तो म्हणे. "बायको ऐकत नाही, पण ही ऐकते!"

पाहुणे हसत, टाळ्या वाजवत. मी शिकार करायची विसरले.

एका सकाळी तसाच आवाज आला. मी तोंड उघडून धावले. पण ते वल्हे नव्हते. नावाड्याची आई काठावर बसून ओली चादर पाण्यावर आपटत होती. माझ्या जबड्यात तिचा हात आला. तिची किंकाळी ऐकताच मी तो सोडला. पण तोवर व्हायचे ते झाले होते.

वनखात्याच्या माणसांनी मला दोरांनी जखडून काठावर टाकले.

"ही आधी नावेजवळ यायची का?" साहेबांनी विचारले.

"छे हो साहेब! मी तर हिला आजच पाहतोय," नावाडी म्हणाला.

हाताला पट्टी बांधलेली त्याची आई पुटपुटली, "अरे, तूच तर तिला रोज जेवायला बोलवायचास."

"आई, तू गप्प बस. ताप चढलाय साहेब, काहीही बोलतेय."

त्याच संध्याकाळी मी या टाकीत आले. बाहेर पाटी लागली, 'नरभक्षक मगर'. लोक ती मोठ्याने वाचतात आणि मला खडे मारतात.

काल इथला रखवालदार कुणाला तरी सांगत होता, "त्या वळणावर आता दुसरी आलीय म्हणे. कोवळीच आहे, पण वल्हं आपटलं की लगेच धावते."

त्या वळणावर माझी पिल्ले आहेत.

मित्रांनो, कधी त्या नावेत बसलात, तर नावाड्याला एवढेच सांगा, "काका, मगर नाही दिसली तरी चालेल."