घरटी एक माणूस

रघूचा जीव घरात नुसता तडफडत होता. ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि डॉक्टरनं काय काय बंद करून ठेवलं होतं म्हणता! वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब नाही. मग खाडीकाठच्या खारजमिनीत राबणाऱ्या माणसानं करायचं तरी काय, आढ्याकडे बघत पडायचं?

डावा डोळा साखरेनं आधीच खाल्ला होता. उजव्यातही रक्त पोचेना, तेव्हा नको त्या बारीक शिरा उगवल्या आणि त्यांनी डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाटच बुजवली. दाब असा चढला की रघू भिंतीवर डोकं आपटायचा. पनवेलच्या डॉक्टरनं आधी इंजेक्शन दिलं, मग बारीक नळी बसवली.

"म्हंजे बांधाची उघाडी बुजलीवती, पाणी तुंबलं. तुमी नवी उघाडी बसवलीत," रघू म्हणाला.

डॉक्टर हसले. "हो. पण ती सांभाळायची तुम्ही. हा डोळा गेला तर पुन्हा नाही."

आणि आज भर दुपारी, उधाणाच्या भरतीला, गावातला काळुराम बोंबलत आला, "खांड पडली रे! घरटी एक माणूस!" बांध फुटून खाडी भातात शिरली की जमीन वर्षानुवर्षं नासते. या हाकेला नाही म्हणायची गावात सोयच नव्हती.

रघूच्या बायकोनं, पुतळीनं, घमेलं उचललं. "मी जाते. तुमी उठलात तर माझी शप्पथ हाय."

शपथ कसली घेऊन बसलात! ती वळते न वळते तोच रघू काळा चष्मा लावून मागून निघाला.

बांधावर रांग लागली होती, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते. "वाकत नाय, निसता रांगेत उभा रातो," म्हणत रघू मध्ये घुसला. त्याच्या डोळ्यात शिंतोडा उडू नये म्हणून शेजारचे चिखल जपून देऊ लागले, आणि रांग मंदावली. तिकडे खांड रुंदावत होती. रघूला ते दिसत होतं, तरी पाय निघेनात.

"अवो, माती बघू का तुमाला बघू?" कमरेएवढ्या चिखलातून पुतळी ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "सगळी तुमच्याकडंच बघतायत!"

रघू बाहेर झाला. त्याच्या जागेवर दोन्ही बाजूंचे हात जुळले आणि रांग भरभर चालू लागली. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. ते त्याला फार लागलं.

घरी येऊन तो भिंतीला टेकून ताठ बसला. उजवा डोळा भरून आला, तसा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. रडलेलं चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचंच राहिलं होतं.