रिकाम्या पट्ट्याने जाळलेल्या कॅलरी

पडद्यावर पाचशेचा आकडा उमटला आणि व्यायामशाळेत टाळ्या पडल्या. चालण्याच्या यंत्रावरून शिंपीणबाईंचे थोरले दीर, भाऊ, घामाघूम होऊन उतरले. निवृत्त पोस्टमन, पण आयुष्यात इतकं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं.

"पाऊण तासात पाचशे कॅलरी," प्रशिक्षक म्हणाला. त्याला सगळे उस्ताद म्हणत. "हे यंत्र माणसाच्या आतलं ओळखतं. भाऊ, आता खुशाल गोड खा. जमाखात्यात आहे."

भाऊ खातही होते. मधुमेह असून रोज केकचे दोन तुकडे. तीन महिन्यांत शिंपीणबाईंनी त्यांची पँट दोनदा उसवून सैल केली होती. पायाची जखम चिघळत चालली होती. डॉक्टरांनी कानउघाडणी केली, तर भाऊ म्हणाले, "डॉक्टरांना यंत्रातलं काय कळतंय?"

आदल्या दिवशी शिवलेले कपडे द्यायला व्यायामशाळेत आल्या, तेव्हा बाईंनी एक गोष्ट टिपली होती. भाऊ पाणी प्यायला उतरले, तरी आकडा चढतच होता. म्हणून आज त्या मुद्दाम आल्या होत्या.

"उस्ताद, पट्टा चालूच राहू द्या," त्या म्हणाल्या.

"वहिनी, रिकाम्या यंत्राला कसला व्यायाम?"

"तेच बघायचंय."

पाच मिनिटं सगळे रिकाम्या पट्ट्याकडे पाहत उभे राहिले. आकडा पाचशे पंचावन्नवर गेला.

"या कोणाच्या जळल्या?" बाईंनी विचारलं.

"भाऊंची ऊर्जा यंत्रात मुरलेली असते," उस्ताद म्हणाला. कोणीतरी खुदकन हसलं.

"आता पहिल्यापासून सुरू करा. वजन विचारतं ना ते? काय भरलंय?"

पडद्यावर एकशे तीस किलो दिसले.

"भावोजी, तुमचं वजन?"

"पासष्ट," भाऊ पुटपुटले.

उस्तादाने सगळ्यांसाठी तोच आकडा भरून ठेवला होता. वजन दुप्पट, कॅलरी दुप्पट, गिऱ्हाईक खूश.

भाऊंची मान खाली गेली. दुपारी ते स्वतःहून बाईंबरोबर दवाखान्यात गेले. उशीर झाला होता, पण पाय वाचला.

यंत्राला ना घाम दिसतो, ना चरबी. वेग, चढ, वेळ आणि भरलेलं वजन यांवरून ते हिशेब करतं. वजन खरं भरलं तरी निघतो तो अंदाजच, आणि दांड्याला लोंबकळून चाललात तर तोही फुगलेला. चालणं सोडू नका. पण आकडा चमकतो म्हणून त्याला हात जोडू नका. आधी विचारा, हा काढला कसा?