बाह्या आखूड कुणामुळे?

माझ्या नातीला शर्टांच्या कारखान्यात सुपरवायझर केलं, आणि पहिल्याच आठवड्यात मालकानं बजावलं, "कटिंग मास्तर आणि मशीनवाल्या मावशीचं भांडण शनिवारपर्यंत मिटव. नाहीतर तू परत काज-बटणाला."

भांडण बाह्यांवरून. मावशी म्हणायची, आखूड येतात. मास्तर कापलेल्या थप्पीतली वरची बाही उचलून पुठ्ठ्याच्या मापावर ठेवायचा, "बघा, बरोबर!" मग अशी जुंपायची की इस्त्री प्लग न लावता तापायची. खोटं कशाला सांगू, मी तिच्यावर चहा केलाय.

नात घरी कागद घेऊन बसली. "आजी, तू मास्तर हो. मी समजूत घालते."

मी कानामागे पेन्सिल खोचली.

"मास्तर, मला तुमच्या भावना समजतात," तिनं वाचलं.

"भावना घाल चुलीत. माझी कात्री कुणी हलवली?"

"अगं, असं नाही बोलायचं!"

"मास्तर असंच बोलतो. पंचवीस वर्षं ऐकलंय मी तिथं. तू समजूत घालूच नकोस. त्याला मावशी कर, तिला मास्तर. आणि नुसतं तोंड नाही, हातही चालले पाहिजेत."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी नातीचा विसरलेला डबा घेऊन पोचले. लपवला मीच होता.

नातीनं दोघांना जागा बदलायला लावल्या. मास्तर मशीनवर बसला आणि मान वेळावून किंचाळला, "अगं बाई, बाह्या आखूड!" सगळे खिदळले. तिकडे मावशीनं कापायचं यंत्र उचललं. नात मालकाच्या आवाजात गरजली, "साठ थर एकदम कापा! दुपारपर्यंत!" मावशीनं यंत्र थप्पीत घुसवलं आणि बाह्या कापून मास्तरपुढे टाकल्या.

मास्तरनं त्यातली वरची बाही झोकात शिवली.

"आता तळातली घ्या, मावशी," नात त्याला म्हणाली.

तळातली दोन बोटं कमी पडली. त्यानं ओढून पाहिलं, उलटून पाहिलं.

मावशीनं वरची बाही पुठ्ठ्यावर ठेवली आणि मास्तरच्या ऐटीत म्हणाली, "बघा, बरोबर!"

हशा पिकला. मास्तरचे कान लाल झाले, मग तोही हसला. "रोज हीच तळातली येते होय तुमच्याकडे?"

"येते तर. पण मास्तर, हे यंत्राचं धूड साठ थरांत सरळ धरायचं कुणी? पातं कलणारच हो."

नात तशीच मालकाच्या केबिनमध्ये गेली. पाठोपाठ मी, दाराला कान लावून.

"भांडण मिटलं. थप्पी आजपासून तीस थरांची."

"वेळ जाईल."

"उसवून परत शिवण्यात जातो त्याहून कमी."

मालक गप्प बसला. तो गप्प बसला की होकार समजायचा, हे मीच तिला शिकवलंय.

शनिवारी एकही बाही परत आली नाही. नात सुपरवायझरच राहिली. आणि बाह्या इतक्या नेमक्या निघाल्या म्हणून सांगू, की शर्ट आपापली घडी घालून खोक्यात जाऊन बसले. एकानं जाताना मला हातसुद्धा हलवला.