प्लंबरांच्या हॉलमधली बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली. कडी वाकलेली, बुडाला डाग दिलेला, आणि तोंड जरा फटकळ. तेव्हा आधीच सांगते, गोड गोड ऐकायचं असेल तर फुलदाणीकडे जा.

पत्रा कापला, वळवला, ठोकला, जस्ताच्या रसात बुचकळून काढला आणि झाली बादली. एवढाच माझा जन्म. दुकानातून मला उचललं ते पानेकाकांनी. त्यांचं खरं नाव काकूंनाच ठाऊक असेल. खिशात सदा पाना, म्हणून सगळे पानेकाका म्हणतात. त्यांच्याबरोबर मी कामं केली हो! सिमेंट वाहिलं, गच्चीवरच्या टाक्या उपसल्या. एकदा एका बाईंच्या न्हाणीघरात पाइप फुटला, तर काकांनी कॉक बंद करेपर्यंत सगळं पाणी मी झेललं. बाई म्हणाल्या, "बादली भक्कम आहे हो तुमची!" तसं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मग काकांनी मला प्लंबर संघाच्या हॉलमध्ये नेलं, आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

हॉल माडीवर. कोपऱ्यात भिंतीला एक नळ. खाली बेसिन बसवायचं होतं, ते राहिलं. आणि नळ गळका! ऐकताय ना? गावभरचे नळ दुरुस्त करणाऱ्यांचा हॉल, आणि त्यांचाच नळ ठिबकतोय. मला खाली ठेवलं, "तात्पुरती" म्हणून. त्या तात्पुरत्यात माझी उमर गेली.

येणारा प्रत्येक जण नळापाशी थांबायचा. बोट लावायचा. मान हलवायचा.

"वायसर गेलाय."

"वायसर नाही रे, तो बसतो ती आतली सीट झिजलीय."

"छे! आख्खा नळच बदलायला पाहिजे."

आणि एवढं निदान करून डॉक्टरसाहेब खुर्चीत जाऊन बसायचे! पाना प्रत्येकाच्या पिशवीत, पण पिशवीची चेन कुणी उघडेल तर शपथ. पानेकाकाही हट्टाला पेटले होते. "सगळं मीच करू का? बघू कोण उठतो." कोणी उठला नाही. पुढे काकांचाच गुडघा गेला, त्यांना खाली बसणं होईना. मग ते रोज नुसतं मला ओतायचे. हॉल उघडणं, झाडणं, सभेची आठवण करणं, सगळं त्यांच्याच गळ्यात.

त्या सगळ्यात एक मोलाचं काम म्हणजे रविवारचा वर्ग. ज्यांना प्लंबरच्या लायसनची परीक्षा द्यायची असेल त्यांना काका फुकट शिकवायचे. लायसन नसेल तर स्वतःच्या नावावर काम घेता येत नाही. वर्गात एक वहिनी होती. संघातल्याच एकाची भावजय, म्हणून सगळ्यांची वहिनी. दिराच्या हाताखाली पाइप धरून धरून तिचे खांदे भरून आले होते. तिला स्वतःचं काम हवं होतं, आणि परीक्षा तोंडावर आली होती.

आणि नेमक्या त्याच वेळी काकांच्या ऑपरेशनची तारीख ठरली.

सभा भरली. काका टेबलाला धरून उभे राहिले. "गुडघा कापणार आहेत माझा. जिना बंद. रविवारचा वर्ग कोण घेणार?"

मित्रांनो, त्या क्षणी हॉलभर माणसांना आपापल्या चपला इतक्या सुंदर दिसायला लागल्या म्हणून सांगू! एकाची नजर वर येईना.

टाकीवाला खाकरला. गच्चीवर टाक्या बसवतो, आणि अंगानंही टाकीच. "काका, तुमच्यासारखं कुणाला जमणार? बरे झालात की तुम्हीच घ्या."

"आणि तोवर?"

"तोवर काय... बघू की."

"मला जमायचं नाही," गीझर म्हणाला. डोकं लगेच तापतं, म्हणून त्याला गीझर म्हणतात. "रविवारीच काय ती बायको दिसते मला."

"आणि माझी बायको काय फक्त सोमवारची होती का रे?" काका म्हणाले. लोक हसले. काका हसले नाहीत. "ठीक आहे. वर्ग बंद."

वहिनी मागच्या रांगेत होती. तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

इकडे माझी काय अवस्था? त्या दिवशी काकांनी मला ओतलंच नव्हतं. आणि नळाच्या थेंबाची बारीक धार झालेली. मी काठोकाठ भरले, आणि वाहायला लागले. पाणी फरशीवरून निघालं ते थेट खुर्च्यांखाली.

"अरे, पाणी आलं! कुणीतरी बघा रे!"

हॉल भरून प्लंबर, आणि ओरडतायत काय, तर कुणीतरी बघा! सगळ्यांनी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. मला अशी चीड आली, हात असते तर एकेकाच्या डोक्यावर उपडी झाले असते.

"काका, बादली ओतली नाहीत का आज?" टाकीवाल्यानं विचारलं.

"नाही ओतली. आणि ओतणारही नाही."

शेवटी गीझरचा नवा बूट भिजला. झालं, तापला. "सरका!" कॉक बंद केला, पिशवीतून पाना काढला, नळापुढे बसला. वहिनी बॅटरी घेऊन धावली.

"तशी नाही, खाली धर. आता बघ, हा नट आधी सैल करायचा. जोर लावायचा नाही, नाहीतर आटे जातात. हे बघ, सीट झिजलीय. बोट फिरव. लागतंय?"

"लागतंय, भाऊजी. खरबरीत आहे."

"मग नुसता वायसर बदलून काय होणार, सांग बरं?"

"पुन्हा गळेल."

"शाबास!"

त्यानं सीट घासली, नवा वायसर बसवला, कॉक उघडला, आणि नळ गप्प! इतक्या वर्षांनी हॉलमध्ये शांतता, आणि त्या शांततेत काका म्हणाले, "हाच तो वर्ग. रविवारी हेच करायचं असतं."

"मी? मला कुठे शिकवता येतं!"

"मग आत्ता काय भजन करत होतास?"

गीझरचे कान लाल झाले. वहिनी म्हणाली, "मी दार उघडेन, झाडून ठेवेन. तुम्ही नुसते या."

"एकच रविवार हं," तो पुटपुटला.

"एकच मागतोय. बाकीच्या रविवारांचं या मंडळींना विचारतो," काका म्हणाले. आणि मंडळींना परत चपला दिसायला लागल्या.

रविवार आला. वहिनीनं दार उघडलं, शिकणारे येऊन बसले, आणि गीझरचा पत्ता नाही. सगळे दाराकडे बघतायत, वहिनी जिन्याकडे. एक जण तर उठून निघालाच होता. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. "माझ्याकडे काय बघताय? पाइप घ्या हातात!" खुर्ची कमी पडली, तर मला उपडी केलं आणि बसला की माझ्यावरच! माणूस वजनदार, पण मी हूं की चूं केलं नाही.

मध्येच वहिनीचा फोन वाजला. दवाखान्यातून काका. "आला का गं तो?"

वहिनीनं फोन तसाच वर्गाकडे धरला. गीझर कुणावर तरी डाफरत होता, "आटे उलटे धरलेस, शहाण्या!" काकांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "त्याला सांग, जरा हळू ओरड. पोरं पळतील."

मित्रांनो, आता माझं ऐका. शाळेत, गल्लीत, पुढे तुमच्या कामाच्या जागी, कुणीतरी उभं राहून विचारेल, "हे कोण करणार?" तेव्हा सगळं अंगावर घेऊ नका, सगळं घेणाऱ्याचा गुडघा जातो. पण मान खाली घालून बसूही नका. "एक रविवार माझा" एवढं तरी सांगा. तुमच्या एका रविवारावर कुणाचं तरी लायसन अडलेलं असतं.