राजा शिडीवरून उतरतो

मी शिडी बोलतेय. हो, तीच. जानरावांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, जिच्यावर दोडक्याचा वेल चढलाय. येता-जाता माझ्यावर ओली धोतरं वाळत घालता, पण बाई, तुझं कसं चाललंय असं कधी कोणी विचारलं नाही. म्हणून आज मीच तोंड उघडते.

माझा जन्म मेडशीकडच्या जंगलातला. शेजारी शेजारी वाढलेले दोन बांबू रामधन सुतारानं बैलगाडीतून आणले, त्यांना भोकं पाडली, पायऱ्या ठोकल्या, दोरीनं आवळल्या आणि मी झाले. रामधनला कामापेक्षा गप्पांची हौस भारी. त्या नादात माझी वरची एक पायरी तिरकी बसली. तिच्यावर पाय ठेवताना माणूस आजही मनातल्या मनात रामधनचा उद्धार करतो. बाकी मी अंगानं दणकट, उगाच विनय कशाला दाखवू?

जानराव मंगरूळच्या कचेरीत चपराशी होते. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की पायी गाव गाठायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असा त्यांचा क्रम. संसार भावाच्या घरातल्या एका खोलीत. पुढे अकोल्याला निघून गेलेल्या एका भाऊबंदाचं जुनं घर त्यांनी घेतलं आणि त्याच्या डागडुजीसाठी मला आणलं. घर कसलं ते! आत उभं राहून वर पाहिलं तर आभाळ दिसे. वासे वाळवीनं पोखरलेले, कवेलू, म्हणजे कौलं, फुटलेली, आणि एका भिंतीच्या भगदाडातून शेजारची बकरी डोकावून जायची. जानरावांची बायको गोजराबाई पहिल्याच दिवशी माझ्या पायाशी उभी राहिली आणि तिनं पदर खोचला.

"यंदाची लक्ष्मी मी याच घरात पुजीन," ती म्हणाली.

जानराव हो म्हणाले खरे, पण त्यांचा जीव आणखी एका गोष्टीत अडकला होता. आमच्या गावात दिवाळीला दंडार होते. टिपऱ्या घेऊन नाचणाऱ्यांच्या दोन रांगा, ढोलकी, गाणी आणि सोंगं. सगळ्यांत मानाचं सोंग राजाचं. जानराव मिसरूड फुटल्यापासून रांगेत टिपऱ्या वाजवत आले होते आणि तेव्हापासून त्यांचा डोळा त्या राजाच्या मुकुटावर होता. आठवडाभर 'जी साहेब, जी साहेब' करणाऱ्या माणसाला एक दिवस राजा व्हावंसं वाटलं तर त्यात नवल काय? त्या वर्षी म्हाताऱ्या राजाचे दात पडले. दंडारीचे म्होरके म्हणजे जानरावांचे चुलते इंद्रभान. त्यांनी पुतण्याचं नाव पुढे केलं, पण तालमीला आलंच पाहिजे अशी अट घातली.

आता तालीमही रविवारी आणि घरही रविवारी. एकटे जानराव किती ठिकाणी पुरणार? पहिल्या रविवारी ते तालमीला गेले, तर गोजरा दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या रविवारी ते कवेलू फेरायला बसले, तर इंद्रभानांचे दोन निरोप येऊन गेले.

अखेर त्यांनी छपरावरच तालीम सुरू केली. वर बसून फुटकी कवेलू काढायची, चांगली बसवायची आणि गाणं म्हणायचं. गोजरा खाली मला धरून उभी. राजाचं गाणं लांबलचक, आणि जानराव अर्ध्यावर अडखळायचे. गोजरानं लहानपणापासून ती दंडार बायकांच्या घोळक्यातून ऐकलेली, तिला सगळं तोंडपाठ. मग ती खालून पुढचा शब्द द्यायची. पण थेट नवऱ्याला नाही बरं का. शेजारी सासरची वडीलधारी माणसं राहत. त्यांच्यासमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. म्हणून गोजरा माझ्याशी बोलायची.

"शिडे, त्यायले सांग, 'गडावरून' म्हना आधी. मुकुटाचं मांगून येते."

मी निरोप पोचवला असं मानून जानराव पुढे गायचे:

*गडावरून उतरला राजा,*
*पाहाले आपली परजा.*

मला या कामाचा फार अभिमान वाटे. चुना लागलेल्या पायांनी लोक माझ्यावर चढले-उतरले, ते मी कधीच विसरले. पण गोजराचा तळवा माझ्या बांबूवर कुठे टेकायचा ती जागा मला अजून सांगता येईल.

दिवाळी तोंडावर आली आणि इंद्रभान स्वतःच अंगणात उभे राहिले. त्यांचा पारा चढला होता. जानराव आजही तालमीला आला नाही तर राजाचं सोंग रांगेतल्या हेमसिंगला देतो, असं त्यांनी बजावलं. शिवाय मांडव बांधायला शिडी पाहिजे, ती आत्ताच घेऊन जातो म्हणाले. वर जानरावांचा चेहरा पडला. अर्धं छप्पर उघडं होतं, आणि राजाही हातचा चालला होता. त्यांच्या हातातलं कवेलू तसंच राहिलं.

गोजरानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझ्या खालच्या पायरीवर बसकण मारली. चुलत सासऱ्यांशी तरी ती थेट कशी बोलणार?

"शिडे," ती म्हणाली, "मामाजीले सांग, राजा गडावर हाय, तो आज खाली येत नाई. तालीम करायची असन तर समद्यायले घेऊन इथंच या. अंगन मोठं हाय."

इंद्रभान माझ्याकडे वळले. मग तेही मलाच म्हणाले, "शिडे, सूनबाईले सांग, च्या ठेवा."

थोड्याच वेळात अख्खी दंडार आमच्या अंगणात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या, ढोलकीवर थाप पडली आणि गोजरानं पहिल्या गड्याच्या हातात टिपरीऐवजी कवेलू दिलं. त्यानं हसत ते पुढच्याला दिलं. ढोलकीच्या ठेक्यावर कवेलू या हातातून त्या हातात, तिथून माझ्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या हेमसिंगच्या हातात आणि तिथून राजाकडे. हेमसिंग तिरक्या पायरीवरून दोनदा घसरता घसरता वाचला. दिवे लागायच्या सुमारास गाणं बसलं आणि छप्परही.

लक्ष्मीपूजन नव्यानं सारवलेल्या घरात झालं. गोजरानं एक पणती माझ्या पायाशीही ठेवली. तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, मी बांबूची आहे.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे दंडार उभी राहिली. मांडवासाठी मला नेलं होतं, काम झाल्यावर एका खांबाला टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. मुकुट, लाल शेला, गालांना कुंकू. आमचे चपराशी साहेब ओळखू येईनात. ढोलकी घुमली. राजा पुढे आला, त्यानं तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना.

ढोलकीवाल्यानं पुन्हा सुरुवात केली. राजा गप्प. लोक कुजबुजू लागले. इंद्रभानांनी पुढून शब्द पुरवला, तरी काही नाही. बिचाऱ्यानं ते गाणं पुरतं म्हटलं होतं ते छपरावरच, जमिनीवर उभं राहून कधीच नाही! भेदरलेली त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. तसे ते माझ्याकडे आले आणि सगळ्यांदेखत मुकुट सावरत पायऱ्या चढले. लोक खो खो हसले. इंद्रभान धावले, त्यांनी मला खालून धरलं. जानरावांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली. तो हात तो नव्हता. मला तर आधीच कळलं होतं.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून गोजरा उठली. दंडारीच्या रिंगणात बाईमाणसानं पाऊल टाकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ती सगळ्या गावातून, खाली मान घालून, सरळ माझ्याकडे आली. इंद्रभान बाजूला झाले. तिनं आपल्या नेहमीच्या जागी हात टेकवला.

"शिडे," ती हळूच म्हणाली, "त्यायले सांग, मी धरून राह्यली. गडावरून..."

"गडावरून उतरला राजा!" जानरावांनी असा आवाज लावला की चावडीवरची कबुतरं उडाली. एकेक ओळ म्हणत, एकेक पायरी उतरत राजा खाली आला. गाव हसायचं विसरलं आणि दोन्ही रांगांच्या टिपऱ्या एकदम वाजल्या.

त्याला आता चार-पाच वर्षं झाली. आमच्या दंडारीत राजा शिडीवरूनच उतरतो. परगावचे लोक विचारतात, ही कुठली रीत? इंद्रभान ठोकून देतात की फार जुनी हाय. माझ्या दोन पायऱ्या आता निखळल्यात, दोऱ्या ढिल्या झाल्यात. रामधन म्हणतो, नवी करून देतो. करू दे बापडा. फक्त तिचीही एखादी पायरी तिरकी ठेव म्हणावं, राजानं जरा जपून उतरावं.

माझं एकच मागणं आहे. पुढे मला चुलीत घालायची वेळ आली तर खुशाल घाला, पण गोजराच्या तळव्याच्या जागेचा बांबू तेवढा कापून ठेवा. घासून घासून तो गुळगुळीत झालाय. कालच जानराव दोडकी काढायला माझ्यावर चढले. दोनच पायऱ्या, जमिनीपासून हातभर उंच. तरी गोजरा हातातलं सारवण टाकून आली, मला धरलं आणि म्हणाली, "शिडे, त्यायले सांग, कवळीच दोडकी काढा."

मी सांगितलं.